डावीकडे, अजून थोडं

सिग्नल लाल होता. मी उभाच होतो, कांजूरच्या नाक्यावर.
मागून टेम्पोने रिक्षाला नुसता ढोसला.
फार नाही. मीटरसुद्धा पडत राहिला.
मागची बाई ओरडली,
आणि मी वळून बघितलं.
तेवढंच. ते शेवटचं वळून बघणं.

दुसऱ्या दिवशी उठलो तो
डोक्यापासून खांद्यापर्यंत एकच फळी.
कुणी हाक मारली की सगळाच्या सगळा फिरायचो,
कपाट सरकवतात तसा.

पालिकेच्या दवाखान्यात फोटो काढला.
"हाड शाबूत आहे," खरात मॅडम म्हणाल्या,
"मांस घाबरलंय.
त्याला वाटतंय, टेम्पो अजून मागेच आहे."

सलूनवाला इस्माईल म्हणाला होता,
एक झटका, मोकळी करून देतो.
मॅडमनी नुसते डोळे मोठे केले.
पट्टाही काढून ठेवायला लावला:
बांधून ठेवली की शहाणी मानसुद्धा आळशी होते.
गरम पाण्याची पिशवी, पंधरा मिनिटं.
हनुवटी आत घ्या,
समोरून उधारीवाला आला की घेता तशी.
तळहात कपाळावर. कपाळाने ढकला, हाताने अडवा,
कुणी जिंकायचं नाही. दहा मोजा.
मग डावीकडे.
दुखेल तिथे थांबा. पण दुखायच्या आधीच थांबू नका.

आमची खोली दहा बाय बारा.
दाराशी स्टूल टाकून बसलो की
भिंतच माझी मोजपट्टी.
पहिल्या आठवड्यात कॅलेंडरची अलीकडची कड.
दुसऱ्यात सगळा महिना.
मग चार दिवस काहीच नाही, उलट कड पण गेली
(रात्री उशी निसटली होती).
मग फ्रिजचं हँडल.

सुगंधा ओट्याशी,
डाव्या खांद्याच्या मागे, पट्टीच्या बाहेर.
वीस वर्षं ती माझ्या पाठीशी बोलत आली.
सिलिंडर संपत आलाय. क्लासची फी. तुझ्या भावाचा फोन.
मी म्हणायचो, हं.
हं म्हणायला मान लागत नाही.

आता लागायला लागली.
हं म्हटलं तरी कळ कानामागे जायची.
म्हणून ती हात पुसत समोर यायची,
बादली उपडी घालून बसायची, आणि मग सांगायची.
तेव्हा दिसला तिच्या भिवईवरचा पांढरा ठिपका.
हे काय?
"तेल उडालं. मागच्या दिवाळीत."
बोलली नाहीस?
"बोलले की. तुझ्या पाठीला."

रात्री ती टॉवेलची वळी करून मानेखाली सारायची,
जास्त जाड नको, जास्त बारीक नको,
भाकरीचं पीठ बघावं तसं दाबून बघायची.
आम्ही काही बोलत नव्हतो.
हायवेवरून ट्रक जायचे, मांस दचकायचं,
मग हळूहळू दचकायचं विसरायचं.

सहाव्या आठवड्यात, एका संध्याकाळी,
फ्रिज ओलांडला. मोरीचा पडदा ओलांडला.
गॅस. ओटा. ओट्याशी ती, पाठमोरी,
मांदेली तळत.
झारा डाव्या हातात,
उजव्या हाताने स्वतःचाच खांदा दाबत
मान हळू एका बाजूला नेत होती.
थांबली. ओठातल्या ओठात मोजत असावी.
परत आणली.

माझी मान मी गुपचूप समोर आणली.
"वळते का रे आज?" तिने मागून विचारलं.
नाही, म्हटलं. अजून तुलाच यावं लागेल.
ती आली. बादली उपडी घातली. बसली.
मी तळहात तिच्या कपाळावर ठेवला.
कपाळ गरम होतं, शेगडीचं.
ढकल, म्हटलं. मी अडवतो.
"येडा झालास काय?" म्हणाली,
आणि ढकलायला लागली.

मांदेली करपत होती. वास दोघांनाही आला.
मी मोजत होतो. सात.